बिनसाखरेचा चहा

वाचनकट्ट्यावर आज चहा आमच्या घरचा होता. माझा बिनसाखरेचा, बायकोने वेगळ्या थर्मासमधून आणलेला.

"कादंबरीतला हा रंगेल, आरशावेडा नायक तुम्हाला कुणासारखा वाटला?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. कुणी साडूचं नाव घेतलं, कुणी साहेबांचं. मी रंगवलेल्या मिशीला पीळ देत हसत होतो.

बायको म्हणाली, "मला त्याची बायको ओळखीची वाटली. शेवटी तिने केलं ते पटलंच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नायकाच्या मौजमजेपर्यंतच वाचलं होतं. शेजारच्या चांदोरकरांना हळूच विचारलं, "शेवटी काय करते हो ती?"

त्यांनी माझ्या कपात डोकावून पाहिलं.

"सगळा प्यायलात?"