मागे लागल्याशिवाय

बागेपुरता छोटा ट्रॅक्टर दारात उतरला आणि सत्तरीतले बाबा चहा अर्धा टाकून अंगणात धावले. तासाभरात त्यांनी सोबत आलेली सगळी अवजारं एकेक करून जोडून पाहिली.

"अगं, बघ तरी!" ते खिडकीतल्या आईला ओरडून सांगत होते. "मागे कापणी यंत्र लावलं की गवत साफ! नांगर लावला की भाजीचे वाफे तयार! फक्त मागे काहीतरी लागायला हवं. नाहीतर हा नुसता फिरत बसतो, काम शून्य!"

"अगदी मालकावर गेलाय," आई म्हणाली. "चाळीस वर्षं मी मागे लागले, तेव्हा कुठे या घरातलं एकेक काम झालं."

मला हसू फुटलं. बाबांनी मात्र वळून कुंपणाकडे पाहिलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं आईचं बागेत जाणं बंद होतं आणि बाबांना टोकणंही. कुंपणापाशी कमरेएवढं गवत माजलं होतं.

बाबांनी नांगर सोडवला आणि ट्रॉली जोडली. आईची वेताची खुर्ची तिच्यात ठेवून दोरीने करकचून बांधली.

"आता हे कुठल्या कामासाठी?" मी विचारलं.

"सगळ्याच!" म्हणत ते घरात पळाले आणि आईला हाताला धरून घेऊन आले. तिला जपून खुर्चीत बसवलं, स्वतः टुणकन ट्रॅक्टरवर चढले आणि मान वळवून म्हणाले,

"हं, आता लाग माझ्या मागे."