बावीस युनिटे

मधुमेही ईश्वरीला घेऊन तिची आई इन्सुलिनची नवी बाटली आणि माझी चिठ्ठी घेऊन दाराशी पोहोचली, तेव्हा मला राहिलेला प्रश्न आठवला. मुलांच्या विभागातल्या आम्हा डॉक्टरांना घरची परिस्थितीही विचारायला नुकतेच शिकवले होते. मला ते कारकुनी काम वाटले होते.

“इन्सुलिन कुठे ठेवता?”

“फ्रीजमध्ये,” ती चटकन म्हणाली.

“आई, आपल्याकडे कुठंय फ्रीज?” ईश्वरी हसली. “पत्र्याखालच्या फळीवर तर असतं.”

आईचा चेहरा उतरला. “फ्रीज नाही म्हटलं तर औषध मिळणार नाही, असं वाटलं, डॉक्टर.”

रक्तातली साखर उतरत नाही म्हणून दोन महिन्यांत मी मात्रा दहा युनिटांवरून बावीसवर नेली होती. ती मात्रा उष्णतेने निकामी झालेल्या औषधाची होती. आजची बाटली ताजी होती. तिची बावीस युनिटे टोचली असती, तर साखर एकदम घसरून मुलगी बेशुद्ध पडली असती, कदाचित पुन्हा शुद्धीवर आली नसती.

“ती चिठ्ठी द्या.” मी हात पुढे केला.

“औषध काढून घेताय?” तिने बाटली छातीशी घट्ट धरली.

“बाटली राहू द्या,” मी म्हणालो. “मला फक्त तो आकडा परत हवाय.”