घरातलं माणूस

साहेबांनी तीन पक्ष बदलले, पण त्यांची भाषणं लिहिणारा पीए तोच राहिला. शपथविधीनंतरचे आभार असोत, शोकसभा असो, नाहीतर मागच्या महिन्यात साहेबांचा लाडका कुत्रा मेला तेव्हाचा संदेश असो. शब्द पीएचे, हुंदका तेवढा साहेबांचा.

आज पीएचे वडील गेले. साहेबांच्या पहिल्या निवडणुकीत दारोदार चपला झिजवलेला आणि जिंकल्यावर त्यांना खांद्यावर घेऊन नाचलेला माणूस बाहेरच्या खोलीत चादरीखाली निजला होता. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"निघालोय मी. धीर सोडू नकोस."

पीएला भरून आलं.

"बरं, दारात कॅमेरेवाले असतील. बोलायला दोन ओळी पाठवून ठेव. आणि काय रे, वडील करायचे काय तुझे?"

पीएने मोबाइलमध्ये कुत्र्यावरचा संदेश शोधून काढला. 'माझ्या एका हाकेला धावून येणारं, कधी काही न मागणारं घरातलं माणूस आज गेलं.' वरचं कुत्र्याचं नाव खोडून त्याने तिथे वडिलांचं घातलं आणि साहेबांना पाठवून दिलं.



बाकी एक शब्दही बदलावा लागला नाही.