कुठली ओवी?

गेणूने आठ मूकपट काढले, आठही आपल्या कुरवंडे गावच्या घरातले. त्यांत राजे नव्हते, देव नव्हते. रुसून बसलेले वडील होते आणि जात्यावर दळणारी आई होती. मुंबईचे थिएटरवाले म्हणायचे, "घरचा पसारा बघायला तिकीट कोण काढणार?" तरी गेणू पुढचं चित्र घ्यायला बसायचाच.

बोलपट आले तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. गेणूच्या मनात आलं, तिची ओवी कुणाकडून तरी गाऊन घ्यावी आणि तिच्या दळणाच्या चित्राला जोडावी. पण ती कुठली ओवी गात होती, ते त्याला आठवेना. चित्र घेताना त्याचं सगळं लक्ष उजेडाकडे असायचं.

शेजारच्या रतनमावशीने तीस वर्षं आईसमोर बसून दळलं होतं. जात्याच्या घरघरीत ती आईचे ओठ बघूनच साथ द्यायची. गेणूने तिला बोलावलं, दारं-खिडक्या लावल्या, भिंतीवर धोतर ताणलं आणि यंत्राचा दांडा हाताने फिरवू लागला. धोतरावर आई दळू लागली. तिचे ओठ हलू लागले.

"कुठली ओवी, मावशी?"

मावशीने पदर तोंडाला लावला. "ओवी न्हाई रं. तुझ्याकडं बघून बोलतीया ती. म्हनतीया, 'गेणू, पुरं कर आता. जरा माज्यापाशी बस.'"

गेणूला बसता येईना. हात थांबला असता तर आई गेली असती. तो दांडा फिरवतच राहिला.