बॉबिन रोची पाटी

ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात जाणाऱ्याने आपल्या किताबाला एखाद्या ठिकाणाचं नाव जोडायचं असतं. किताबांची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याने एनिडबाईंना न विचारताच त्यांच्या शहराचं नाव, ‘लीड्स’, लिहून टाकलं. बाईंनी पिशवीतून लोखंडी पाटी काढून त्याच्या चकचकीत टेबलावर दाणकन ठेवली: बॉबिन रो. “मॅडम, ही गल्ली नकाशावरच नाही.” “कशी असेल? बासष्ट साली कौन्सिलवर निवडून आल्याआल्या मीच ती पाडायचा ठराव आणला. चाळीस घरांना मिळून चार संडास होते हो! पाडली ते उत्तमच केलं.” शेवटचं सामान हलवताना मात्र गल्लीतल्या एका म्हातारीने ही पाटी त्यांच्या हातात दिली होती: “घरं पाड, पोरी, पण आम्ही कुठले ते पुसू नकोस.” बाईंनी हे सांगितल्यावर अधिकाऱ्याने ‘लीड्स’ खोडून ‘बॉबिन रो’ लिहिलं. पुढच्या महिन्यात सभागृहात किताब वाचला गेला, “बॉबिन रोच्या बॅरोनेस,” आणि प्रेक्षकांच्या गॅलरीत जागेवर बसून राहायचा नियम झुगारून त्या गल्लीत राहिलेल्या नऊ म्हाताऱ्या उभ्या राहिल्या.