टिचकीचा अर्थ

"कवितेतली आई मुलीच्या डोक्यावर रोज टिचकी मारते. ही मायेच्या नावाखालची हिंसा आहे," नामवंत समीक्षक म्हणाले. कविता माझी, बक्षीसही माझंच. पण एवढ्या मोठ्या माणसापुढे मी नुसती मान डोलावली.

शेवटच्या रांगेतून आई पदर खोचून उठली. "सर, ती आई मीच. आमी कुंभार. भट्टीतनं निघालेलं मडकं टिचकी मारून ऐकतो. बद्द वाजलं, की आत तडा. पोर शाळेतनं आली, की तिलाबी तसंच ऐकायचे. मनाला काई लागलं तर न्हाई ना, म्हून."

सरांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. "ताई, हे मला वाचता आलं नाही."

मी मंचावरून उतरले आणि सगळ्यांदेखत आईपुढे डोकं वाकवलं. तिने टिचकी मारली.

"खणखणीत!"