बिनबोलाचा डाव

गार्डसाहेबांनी दोन बोटं वर केली. म्हणजे त्यांना लाकूड हवं होतं. चष्मेवाल्याने मूठ पुढे केली. म्हणजे बदल्यात दगड द्या. गार्डसाहेबांनी कपाळावर हात मारला, पत्त्यांची अदलाबदल झाली आणि पटावर चष्मेवाल्याचा पूल उभा राहिला. शेजारी बसलेल्या औषधवालीने नुसते डोळे मोठे केले. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

खेळांचं दुकान ते. पुढे विक्रीची कपाटं, मागे तीन टेबलं, त्यांच्याभोवती दहा-बारा माणसं. आणि आवाज काय तो फाशांचा. खेळ देवाणघेवाणीचा, म्हणजे खरं तर घसा कोरडा पडेपर्यंत घासाघीस करायचा. तो ही मंडळी बोटांवर खेळत. भांडायचं ते भुवयांनी, हसायचं ते खांदे हलवून.

चष्मेवाला चष्म्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. मालक त्याला पुढे गिऱ्हाइकांसमोर बसायला सांगून थकला होता. पण त्याची जीभ अडखळायची. पहिलं अक्षरच उंबऱ्यात अडून बसायचं. घरी ताई त्याची वाक्यं पुरी करायची, तीही आपल्या अंदाजाने. त्याने 'ब... ब...' केलं की ती 'बटाटा?' म्हणायची. बशी हवी असली तरी मग तो मुकाट्याने बटाटा खायचा.

"अरे, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात," ताई म्हणायची.

खेळांच्या दुकानात तो पहिल्यांदा गेला तो भाचीसाठी खेळ आणायला. सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं, दुकानवाल्या बाई एकट्याच होत्या. 'पट' हा शब्द तोंडाबाहेर पडायला बराच वेळ लागला. बाईंनी तो पुरा केला नाही. थांबल्या.

मग म्हणाल्या, "शनिवारी या की खेळायला. आमचा एक गडी कमी पडतो."

तेव्हापासून एक शनिवार त्याने चुकवला नाही. इथे त्याचे गहू विकले जात होते!

सगळे गप्प का, हे त्याला दोन-तीन शनिवारांत उमगलं. गार्डसाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले, थोराड, पांढऱ्या मिशांचे. त्यांना बोलवायचं तर औषधवाली खांद्यावर टिचकी मारायची. एकदा निघताना त्याने धीर करून त्यांच्या पाठीमागून "ये... येतो" म्हटलं, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्याने बाईंकडे बघून आधी गार्डसाहेबांकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे. बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान डोलावली.

घरी ताईने विचारलं, "बोलत का नाहीत रे तिथे?"

"गा... गा..."

"गाढव आहेत?"

"गार्डसाहेब. त्यांना ऐ... ऐ..."

"ऐकू येत नाही? आणि म्हणून सगळे गप्प? एका माणसासाठी?" ताईच्या हातातली कात्री थांबली. "अरे, आपल्याकडे कोणी एका माणसासाठी टीव्हीचा आवाज कमी करत नाही!"

ती रात्रभर तेच बोलत होती. त्याला तर नवल पचतच नव्हतं. हसू येतं, भांडण येतं, जिंकल्यावर ओरडावंसं वाटतं, आणि ही माणसं ते सगळं गिळून बसतात. घरची नाहीत, दारची नाहीत. एका टेबलाशी बसतात एवढंच नातं. आणि त्या माणसांत आपणही आहोत, आपणही कुणासाठी तरी गप्प बसतो, याचा त्याला फार अभिमान वाटायचा.

पण पत्ते मागण्यापलीकडे गार्डसाहेबांशी बोलता येत नव्हतं. त्याला बोलायचं होतं. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एक शिक्षिका चष्मा दुरुस्तीला आल्या, तेव्हा त्याने त्यांना गाठलं. जेवणाच्या सुट्टीत त्या त्याला हातांची भाषा शिकवू लागल्या. हात अडखळत नव्हते. महिनाभरात त्याचं वाक्य तयार झालं: 'सगळे तुमच्यासाठी गप्प बसतात, त्यात माझी सोय झाली. मला तुमच्याशी मैत्री करायची आहे.' आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाशी तरी सलग बोलणार होता.

मालकाने मंगळवारी दुकान रंगवायला काढलं आणि त्याला अचानक सुट्टी मिळाली. शनिवारपर्यंत दम कुठला निघायला! खेळांच्या दुकानातल्या बाई गार्डसाहेबांचं घर तरी दाखवतील, म्हणून तो निघाला. वाटेत तो हात हलवून वाक्य घोकत होता. लोक वळून बघत होते, बघू देत.

कोपऱ्यावरूनच गलका ऐकू आला. त्याला वाटलं, कुठेतरी भांडण जुंपलंय. त्याने खेळांच्या दुकानाचं दार ढकललं.

आत तीनही टेबलं भरली होती, माणसं तीच. गार्डसाहेब दाराकडे पाठ करून बसले होते.

"दगड नको, लाकूड द्या म्हणतोय ना!" त्यांच्या आवाजाने कपाटाच्या काचा थरथरल्या.

"रडी कुठले," औषधवाली पत्त्यांआड पुटपुटली.

"ऐकलं मी!" गार्डसाहेब गरजले आणि सगळं दुकान खदखदून हसलं.

सगळ्यांत आधी औषधवालीने त्याला पाहिलं. तिचं हसू तोंडातच राहिलं. मग शेजारच्या टेबलाने पाहिलं, मग पलीकडच्या. बाईंनी हातातला खोका खाली ठेवला. बघता बघता दुकान शांत झालं. तो दारात उभा होता, पहिल्या खुणेसाठी हात वर उचललेले.

गार्डसाहेबांचं डोकं अजून पत्त्यांतच होतं.

"का हो, एकदम चिडीचूप?" ते म्हणाले. "आज काय शनिवार आहे?"